सोवळेवाल्यांनो, हात दाखवा

अस्पृश्यता हे म्हणे आपल्या पूर्वजांचं आरोग्यशास्त्र होतं. जंतू कुणाला ठाऊक नव्हते तेव्हाच आमच्या ऋषींना ते दिसले होते. म्हणून शिवाशिव, म्हणून सोवळं, म्हणून गावकूस. 2020 साली करोना आला तेव्हा हा मजकूर आमच्या खात्यातल्या मोबाइलच्या ग्रुपवर पहिल्यांदा पडला. खाली जोडलेले दोन हात. जग आपल्याकडून शिकतंय, वगैरे. लॉकडाऊन उठलं, मास्क गटारात गेले, हा मजकूर मात्र मेला नाही. परवा पालघरला एका व्याख्यानमालेत खांद्यावर शाल घेतलेल्या एका विद्वानानं तोच माइकवरून ओतला आणि पुढच्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्या रांगांत आपलेही दोघं-तिघं होते. ते टाळ्या वाजवत नव्हते, पण गप्प बसले होते. मला राग आला तो त्या गप्प बसण्याचा. एकानं बाहेर आल्यावर मला विचारलं, ‘यार, ह्याला उत्तर काय द्यायचं? विज्ञानाचं नाव घेतलं की आपली बोलती बंद होते.’

दोस्तांनो, बोलती बंद व्हायचं कारण नाही. उत्तर आहे. ते बुडापेस्टमध्ये एका संग्रहालयात ठेवलेलं आहे आणि ते लाकडाचं आहे.

मी बुडापेस्ट बघितलेलं नाही. माझा पासपोर्ट म्हणजे डहाणू लोकलचा पास. बारावीनंतर शाळा सुटली, पुढचं शिक्षण रद्दीवाल्याकडच्या पुस्तकांवर आणि नाइट शिफ्टच्या चहाच्या सुट्टीत फोनवर झालं. तर त्या फोनवर मी एक फोटो बघितला. इग्नाझ सेमेलवाइस नावाचा डॉक्टर, जन्म 1 जुलै 1818. ज्या घरात तो जन्मला त्या घरात 1965 पासून वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. त्याच्या अस्थी तिथंच आहेत आणि एका खोलीत त्याचं स्वतःचं फर्निचर मांडून ठेवलंय, लिहायच्या टेबलासकट. जुनं लाकूड, पॉलिश मारलेलं. जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या बाजारात असलं लाकूड राजवाड्यातलं म्हणून खपवतात आणि जुहूचे शेठ ते दिवाणखान्यात मांडतात. हे टेबल तसलं नाही. ह्या टेबलाच्या मालकाला त्याच्या काळच्या सभ्य डॉक्टरांनी नोकरीवरून घालवला, वेडा ठरवला आणि मारला. कशासाठी, तर त्यानं त्यांना सांगितलं की तुमचे हात घाण आहेत.

गोष्ट नीट ऐका, आकड्यांसकट. पुढच्या वेळी सभेत ती तुम्हाला सांगायची आहे.

व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपणाचे दोन विभाग होते. दोन्हीकडं येणाऱ्या बाया गरिबाघरच्या, पुष्कळशा बिनलग्नाच्या. फुकट बाळंतपणाच्या बदल्यात त्यांच्या अंगावर विद्यार्थ्यांनी शिकायचं, असा सौदा. पहिल्या विभागात डॉक्टर आणि डॉक्टरकीचे विद्यार्थी, दुसऱ्या विभागात सुइणी. 1846 साली पहिल्या विभागात 4010 बाळंतपणं झाली आणि 459 बाया बाळंतज्वरानं मेल्या. दुसऱ्या विभागात 3754 बाळंतपणं, मेल्या 105. शंभरात अकराच्या वर एकीकडं, तीनहून कमी दुसरीकडं. दवाखाना एक, हवा एक. कुठल्या विभागात भरती व्हायचं ते वारावर ठरायचं आणि ज्यांच्या वाट्याला डॉक्टरांचा विभाग यायचा त्या बाया पाया पडून सुइणींकडं पाठवा म्हणायच्या. आधी कळलं ते त्या बायांना. अडाणी, गरीब, बदनाम बायांना. प्रोफेसरांना कळलं नाही.

प्रोफेसर काय म्हणत होते? हवा दूषित आहे म्हणत होते. गर्दी आहे म्हणत होते. कुणी म्हणे मरणाऱ्यासाठी भटजी घंटा वाजवत वॉर्डातून जातो, त्या घंटेनं बाया घाबरतात. सेमेलवाइस तिथं नुकताच लागलेला असिस्टंट. त्यानं भटजीची वाट बदलली, घंटा बंद केली. बाया मरतच राहिल्या.

मग मार्च 1847 मध्ये त्याचा दोस्त कोलेच्का मेला. मुडदा फाडताना एका विद्यार्थ्याच्या हातातली सुरी त्याला लागली आणि तो तापानं गेला. त्याच्या मुडद्यात जी लक्षणं दिसली तीच बाळंतज्वरानं मेलेल्या बायांत दिसत होती. सेमेलवाइसच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी मुडदे फाडतात आणि त्याच हातानं येऊन बाळंतिणीला तपासतात. सुइणी मुडदे फाडत नाहीत. मरण हवेतून येत नाही, घंटेतून येत नाही, बाईच्या पापातून येत नाही. ते डॉक्टरच्या बोटांवर बसून येतं. त्याच्या स्वतःच्याही. हे त्यानं स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, की माझ्या हातानं किती बाया अकाली थडग्यात गेल्या ते देवालाच माहीत.

त्यानं दाराशी क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं. हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. पुढं त्यानं ह्यासाठी क्लोरीन मुरवलेला चुना वापरला, स्वस्त पडतो म्हणून. ब्लीचिंग पावडर! इथं मी फोन खाली ठेवला आणि हसलो. अरे, हे तर आमच्या धंद्यातलं औषध. 1799 साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं ह्या पावडरीचं पेटंट घेतलं ते कापड पांढरं करायला. तिच्या वासानं डोळ्यांतून पाणी काढणारे कामगार व्हिएन्नाच्या डॉक्टरांच्या कितीतरी आधीचे. आता आमच्याकडं ब्लीचिंगला पेरॉक्साइड चालतं, पण जुने कामगार तो वास अजून सांगतात. आणि तुमच्या गावात ग्रामपंचायतीचा शिपाई पावसाळ्यात विहिरीत टाकतो ती टीसीएल पावडर, ती हीच.

एप्रिल 1847 मध्ये त्या विभागात शंभरातल्या अठरा बाया मेल्या होत्या. मेच्या मध्यात भांडं ठेवलं. जूनमध्ये दोनाच्या आसपास, जुलैत एकाच्या आसपास. 1848 च्या मार्चमध्ये एकही नाही.

एवढं झाल्यावर त्याची मिरवणूक काढायला हवी होती ना? 1849 मध्ये त्याची नेमणूक वाढवली नाही. कारण त्याचं म्हणणं मान्य करायचं तर मोठमोठ्या प्रोफेसरांना कबूल करावं लागलं असतं की आपण खुनी आहोत, नकळत का होईना. तिकडं अमेरिकेत मेग्ज नावाचा नामांकित डॉक्टर होता. त्याचा युक्तिवाद असा, की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थाचे हात स्वच्छच असतात. वाचलंत? हात बघून नाही, माणूस कोण आहे ते बघून हात स्वच्छ! ह्या वाक्यात डॉक्टरच्या जागी ब्राह्मण घाला. मनुस्मृती वेगळी वाचायची गरज उरत नाही.

सेमेलवाइस हंगेरीला परत गेला. पेस्टच्या दवाखान्यात सहा वर्षं काम केलं, 933 बाळंतपणांत बाळंतज्वरानं 8 बाया गेल्या. पण एक गोष्ट त्यानं उशिरा केली, आणि हे मी मुद्दाम आपल्या पोरांसाठी लिहितोय. तो लिहीत नव्हता. लिहिण्याचा त्याला मनापासून कंटाळा. 1847 चा शोध, आणि पुस्तक छापून आलं 1861 चं साल घालून. चौदा वर्षं टेबल तिथंच होतं आणि त्याच्यावर कागद नव्हता. तोवर विरोधकांनी आपल्याला हवं ते त्याच्या नावावर सांगून टाकलं. मग त्याचा तोल गेला, तो एकेका प्रोफेसरला उघडी पत्रं लिहून खुनी म्हणायला लागला. मला ती पत्रं आवडतात. पण ती दहा वर्षं आधी लिहिली असती तर बरं झालं असतं. आपल्यातले जे सभेत तोफ आणि कागदावर ठणठणगोपाळ आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावं.

1865 च्या जुलैअखेर त्याला फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकला. निघायला बघत होता तर रखवालदारांनी मारला. त्या जखमा सडल्या, विष रक्तात भिनलं आणि 13 ऑगस्टला तो मेला. वय 47. आदल्याच दिवशी, 12 ऑगस्टला, ग्लासगोत लिस्टर नावाचा सर्जन एका पोराच्या मोडलेल्या पायाच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावत होता, आणि त्या दिवसापासून निर्जंतुक शस्त्रक्रियेचा इतिहास मोजतात. आता टेबल काचेमागं आहे. पॉलिश मारणारे त्याच सभ्य गृहस्थांचे पणतू.

आता सोवळेवाल्यांकडं वळू.

ते म्हणणार, बघा, आम्हीही तेच म्हणत होतो. महार मेलेलं ढोर ओढायचा, म्हणून त्याला लांब ठेवला. मुडद्याचं विष. शास्त्रच आहे.

थांबा, शाल नीट करा आणि ऐका. सेमेलवाइस म्हणाला, हात धू आणि आत ये. तुमचं शास्त्र म्हणालं, किती का धूस, बाहेर राहा. त्याचा विटाळ पाच मिनिटांत क्लोरीनच्या भांड्यात संपत होता. तुमचा विटाळ बापाकडून लेकाकडं, लेकाकडून नातवाकडं जातो, ज्यानं आयुष्यात ढोर ओढलं नाही त्याच्याकडंही. बाबासाहेब बडोद्याला परदेशातल्या पदव्या घेऊन गेले तेव्हा त्यांच्या अंगावर कुठल्या ढोराचं रक्त होतं? शिपाई फायली लांबून टाकत होता. कुठला जंतू फाइल फेकल्यावर मरतो?

दुसरं. त्याचं बोट आधी स्वतःकडं होतं. माझे हात. आमचे हात. तुमच्या शास्त्रात ज्यानं शास्त्र लिहिलं त्याचा हात कधीच तपासला जात नाही. परळच्या हाफकिनचं नाव तुम्हाला माहीत आहे, तिथून लस येते. तो वाल्देमार हाफकिन 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि पडवी घेऊन बसला आणि 10 जानेवारी 1897 ला लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या कैद्यांना. (कैद्यांनाच का, गव्हर्नराच्या बंगल्यावर का नाही, हा प्रश्न मी सोडलेला नाही, पण पहिलं अंग त्याचं स्वतःचं होतं.) आणि त्याच साली पुण्याजवळ सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन हडपसरला यशवंताच्या दवाखान्यात पोचली. 10 मार्च 1897 ला त्याच प्लेगनं गेली. 1897 चा प्लेग म्हटला की शाळेच्या पुस्तकात रँडवरची गोळी पहिली येते. घरात घुसले, देवघर बाटलं. ही पाठ मात्र मागच्या पानावर. तुमचं आरोग्यशास्त्र एवढं पक्कं होतं तर प्लेगमध्ये शिवायला कोण गेलं ते सांगा.

तिसरं, पाण्याचं. 20 मार्च 1927 ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. त्या तळ्यात गाई-म्हशी उतरत होत्या, कुत्री पीत होती. ते चालत होतं. माणसाचा हात लागला आणि तळं बाटलं. मग त्यांनी तळं शुद्ध केलं. कशानं? 108 घागरींचा विधी करून पंचगव्यानं. पंचगव्य म्हणजे दूध, दही, तूप, आणि शेण, आणि मूत. पिण्याच्या पाण्यात! सेमेलवाइसला जाऊन ऐंशी वर्षं होत आली नव्हती काय, बासष्ट वर्षं झाली होती. कॉलरा पाण्यातल्या घाणीतून येतो हे लंडनच्या जॉन स्नोनं 1854 मध्ये दाखवून दिलं होतं. आणि हे आरोग्यशास्त्रज्ञ तळ्यात शेण कालवत होते. उद्या कुठला विद्वान तुमच्यासमोर जंतूचं नाव घेईल तर त्याला एवढंच विचारा, चवदार तळ्यात शेण टाकलं ते कुठल्या जंतूसाठी?

आणि ज्याला पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही त्यालाच घाण म्हणायचं, ही बदमाशी तर शेंबड्या पोरालाही कळते.

2020 चीच गोष्ट पुरी करतो. मार्चअखेर चालत घरी निघालेल्या मजुरांना बरेलीत रस्त्यावर उकिडवं बसवलं आणि त्यांच्या अंगावर पाइपानं जंतुनाशकाचं पाणी मारलं. बायका, पोरं, सगळी. सोडियम हायपोक्लोराइट. म्हणजे सेमेलवाइसच्या भांड्यातल्या क्लोरीनचाच भाऊ. त्यानं ते सभ्य गृहस्थांच्या बोटांसाठी ठेवलं होतं. आपल्याकडं येईपर्यंत भांड्याचा पाइप झाला आणि रोख मजुराच्या डोळ्यांकडं. करोना काही चालत आला नव्हता. तो विमानानं आला होता. विमानतळावर कुणाला उकिडवं बसवल्याचं मी वाचलेलं नाही.

आमच्या तारापूरला विटाळ कुठून कुठं वाहतो ते बघायला शास्त्री लागत नाही, नाक लागतं. एमआयडीसीचं पाणी नवापूरच्या समुद्रात जातं. मच्छी मरते, जाळी काळी पडतात. 2016 मध्ये मांगेला समाजाच्या परिषदेला त्यासाठी राष्ट्रीय हरित लवादाकडं जावं लागलं. पण बोईसरमध्ये घाण कुणाला म्हणतात? चेंबरमध्ये उतरणाऱ्याला. टाकी ज्यांनी भरली त्यांचे हात स्वच्छ, टाकीत जो उतरला त्याच्या हातचं पाणी नको. मी ज्या कंपनीत आहे तिथं कंत्राटी लोकांच्या मोरीवर साबण नसतो. डाय हाताळायचा, जेट उघडायचं, आणि जेवायला बसायचं ते तसंच. स्टाफच्या बेसिनला मात्र पिवळ्या साबणाची बाटली आणि वर हात धुण्याच्या सहा पायऱ्यांचं चित्र. युनियनच्या मागण्यांत मी साबण घाला म्हणालो तर आपलेच लोक हसले. पगार माग म्हणे, साबण काय मागतोस. दोन्ही मागा ना!

आता शेवटचं, आणि ह्यासाठीच मला ते टेबल इतकं डाचतं.

माझी आजी सुईण होती. जालना जिल्ह्यातलं गाव, महारवाडा. अख्ख्या गावची पोरं तिच्या हातावर झाली, पाटलाचीसुद्धा. रात्री-अपरात्री बोलावणं यायचं, मागच्या दारानं. आत बाईपाशी जायची परवानगी, कारण नाळ कापायला दुसरं कुणी हात लावत नव्हतं. नाळ कापली, पोर रडलं, की तिनं उठायचं आणि बाहेर यायचं. पायली-दोन पायली ज्वारी आणि जुनं लुगडं. घरात तिला पाट कधी दिला नाही, गोणपाटावर बसायची. ती गेल्यावर गोमूत्र शिंपडायचे. ज्या पोराला पहिला हात तिचा लागला ते पोर चालायला लागलं की तिची सावली चुकवायला शिकायचं.

मी तिला देवी करत नाही. तिच्याही हातून बाया गेल्या असतील, विळ्यानं नाळ कापत होती, धनुर्वातानं पोरं गेली असतील. व्हिएन्नाच्या सुइणी पवित्र होत्या म्हणून त्यांच्या बाया जगल्या नाहीत, त्या मुडदे फाडून येत नव्हत्या म्हणून जगल्या. पण शंभरातल्या अकरा आणि शंभरातल्या तीन हा हिशोब सुइणींच्या विभागावाचून मांडताच आला नसता. त्या सुइणींपैकी एकीचंही नाव मला कुठं सापडलं नाही. प्रोफेसरांची सगळी सापडतात. डॉक्टरचं टेबल काचेत. सुइणीचं स्टूल कुठंय? आमच्या आजीचं तर काचेत ठेवायला लाकूडच नाही, एक विळा होता तो चुलत्यानं गवताला वापरून झिजवला.

मी विळा काचेत ठेवा म्हणत नाही. आपल्यालाही अलीकडं चष्मा, पेन, खुर्ची ह्यांच्यासमोर फुलं टाकून घरी जायची सवय लागली आहे. मला यादी हवी आहे. बोईसर, पालघर, सफाळा, डहाणू, ज्याची जी वस्ती असेल तिथं, आणि गावी जाल तेव्हा गावी, ज्या आज्यांनी दाईचं काम केलं त्यांना विचारा. नाव काय, गाव कुठलं, कुणाकुणाच्या घरी गेली, कुठल्या दारानं, कशावर बसवली, काय दिलं, नंतर काय शिंपडलं. आदिवासी पाड्यांवरच्या सुइणींनाही विचारा, तिकडं शिंपडत नसतील तर तेही लिहा. तारीख-वार आठवत नसेल तर कुठल्या दुष्काळात ते विचारा, दुष्काळ आठवतात. वहीत लिहा, पाठकोरं चालेल, पेन्सिल नको, पुसते. पुढच्या अंकाची आठ पानं मी संपादकाकडून भांडून घेतली आहेत. जितकी नावं येतील तितकी स्टेन्सिलवर स्वतः कापून देईन. रविवारी माझी सुट्टी असते, बोईसर स्टेशनच्या पूर्वेला तिकीटघराखाली दहा वाजता वही घेऊन उभा असेन. आजी ऐकायला कमी येतं म्हणून टाळू नका, जवळ बसून मोठ्यानं विचारा.